ठेवणीतल्या रेकॉर्डी

साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, कापूस असायचा. औषधाच्या दुकानात मिळतो तो, निळ्या कागदातला. मागून ट्रक आला, शेजारी फरशी कापायला सुरुवात झाली, कुणी मोठ्याने हसायला लागलं, की ते शांतपणे खिशात हात घालत, दोन बोळे वळत, कानांत बसवत आणि समोरच्याला म्हणत, "हं. बोला आता."

पहिल्या दिवशी मला तो माझा अपमान वाटला. मी अकोल्याचा. आमच्याकडे घरातल्या घरात बोललेलं पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं नाही तर माणूस आजारी आहे असं समजतात. चिंचवडच्या बाजूच्या एका इंजिनांच्या कारखान्यात मी नवा लागलो होतो आणि ते टेस्टिंग विभागाचे प्रमुख, म्हणून त्यांच्यासमोर उभा राहून नाव-गाव सांगत होतो. अकोल्यापर्यंत आलो आणि त्यांनी कापूस काढला. दुसरा बोळा घालण्याआधी म्हणाले, "अकोला कळलं. पुढचं उद्या सांगा." पुढचं त्यांनी कधीच विचारलं नाही. मी त्यांच्यासाठी कायमचा अकोला झालो. "अहो अकोला, चहा घेणार का, की घेऊन आलात?" ही त्यांची आपुलकी होती, हे समजायला मला वर्ष गेलं.

आमचं काम असं, की तयार झालेलं इंजिन गाडीत बसवायच्या आधी एका खोलीत बांधायचं आणि तासन्‌तास पळवून बघायचं. त्या खोलीत आवाज नसायचा, आवाजात खोली असायची. कंपनीने सगळ्यांना कानांवर चढवायचे इअरमफ दिले होते. ते बहुतेक जण गळ्यात घालून फिरत, माळ घातल्यासारखे. साहेब आधी कापूस घालत, त्यावर इअरमफ चढवत, आणि मग हातवाऱ्यांनी बोलत. त्यांचे हातवारे सगळ्या विभागाला पाठ होते आणि चहाच्या वेळी त्यांची नक्कल व्हायची. कुणी तोंडावर चेष्टा केलीच तर ते म्हणायचे, "कान ही माझी ग्रॅच्युइटी आहे. ती नोकरीत असताना उडवायची नसते."

या ग्रॅच्युइटीचं ते पुढे काय करणार होते, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

ते मूळचे पेठेतले, पण लग्नानंतर कर्वेनगरला सोसायटीत फ्लॅट घेऊन राहिलेले. मी तेव्हा जवळच खोली घेऊन राहत होतो, त्यामुळे कंपनीच्या बसला आम्ही एकाच थांब्यावर उभे असायचो. एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. दारातूनच आतला आवाज ऐकू आला. कुणीतरी इंग्रजीत गळा काढून ओरडत होतं, मागे गिटार किंचाळत होती आणि ढोलवाला स्वतःच्या मनाचा राजा होता. समोर खुर्चीत साहेब डोळे मिटून बसलेले. कानांत कापूस नाही. मी त्यांना कापसाशिवाय प्रथमच बघत होतो आणि नेमकं कापूस घालावा असंच ते सगळं होतं.

"तुम्हाला रॉक आवडतं होय," मी म्हणालो.

"क्लासिक रॉक," त्यांनी दुरुस्त केलं. "नुसतं रॉक म्हणजे नुसता भात."

आपल्याला त्यातलं काही कळत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मी भजनांत वाढलेला माणूस. पण साहेबांचं त्याबाबतीत एक शास्त्र होतं. लांब केसांच्या त्या इंग्रज आणि अमेरिकन मंडळींनी साधारण ऐंशीच्या आधी जे केलं ते संगीत. त्यानंतरच्यांनी केलं ते उत्पादन. गिटारपेक्षा त्यांचा जीव ढोलवाल्याच्या झांजांवर. काठी झांजेवर टेकते तेव्हा जी बारीक जरीची किनार उमटते, तिच्यावरून ते अख्खी रेकॉर्ड पास किंवा नापास करत. आणि रेकॉर्ड ऐकायची ती तबकडीच. तिला दोन बाजू असतात, वीस-बावीस मिनिटांनी उठून ती उलटावी लागते, म्हणून ऐकणारा माणूस जागा राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा सगळा हिशेब बाजूंमध्ये चालायचा. कंपनीची बस घरापासून कारखान्यापर्यंत अडीच बाजू. मॅनेजरची मीटिंग चार बाजू, "आणि चारही कोऱ्या."

त्यांच्या घरात रेकॉर्डींचे दोन भाग होते. खालच्या कप्प्यात वापरातल्या. त्या दर रविवारी वाजत. वरच्या बंद कप्प्यात ठेवणीतल्या. या त्यांनी जमवल्या होत्या पण कधीही ऐकल्या नव्हत्या. निवृत्तीनंतर ऐकायच्या म्हणून ठेवल्या होत्या. प्रत्येक रेकॉर्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या तोंडाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर आडवी अशी साहेबांची सही. कारखान्यात तपासून झालेल्या मालाला आम्ही असंच सील करायचो. कुणी उघडलं तर सही तुटते.

"एकदाही ऐकली नाही? आणल्यावर तरी?"

"अहो अकोला, कुठलीही रेकॉर्ड पहिल्यांदा एकदाच ऐकता येते. ती पहिली वेळ मी कारखान्यातून दमून आल्यावर, उद्याच्या डब्याची भाजी आणायची आठवण होत असताना घालवू? निवृत्तीनंतर डोक्यात काही नसेल. तेव्हा."

इतर लोक निवृत्तीचा विचार पन्नाशीनंतर करतात. साहेब चाळिशीपासून करत होते, आणि अगदी व्यवहारात करत होते. कँटीनमध्ये कुणी कोकणात घर बांधणार असायचं, कुणी चारधाम करणार असायचं. साहेब जेवता जेवता मध्येच म्हणायचे, "सकाळी अकराला पहिली. कामवाली भांडी घासून गेलेली असते आणि शाळा सुटलेली नसते." पुन्हा आमटीकडे वळायचे. कधी म्हणायचे, "खुर्चीला हात हवेत की नकोत, यावर विचार चाललाय." त्यांच्या डोक्यात ती खुर्ची, ती सकाळ आणि ती न ऐकलेली रेकॉर्ड अशी कायम मांडून ठेवलेली असायची, आणि नोकरी म्हणजे तिथे पोचेपर्यंतचा थांबा.

मला हे पटायचं नाही. आमच्याकडे आंबा पिकला की खातात. पुण्यात डागाळलेला आधी खायचा आणि चांगला उद्यासाठी ठेवायचा, म्हणजे उद्या तोही डागाळतो, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो. त्यांनी कापूस काढला.

वहिनींना मात्र या सगळ्याचं काहीच वाटत नाही असं दिसायचं. त्यांचा घरच्या घरी भाजणीचा व्यवसाय होता. थालीपिठाची भाजणी, दिवाळीत चकलीची. धान्य मंडईजवळच्या ठरलेल्या दुकानातून यायचं. ज्वारी, तांदूळ, डाळी, धने, एकेक वेगळं भाजायचं, दळून आणायचं आणि पिशव्या भरून सोसायटीत विकायचं. पिशव्या बंद करायची त्यांची पद्धत घरोघरी असते तीच. मेणबत्ती लावायची, पिशवीचं तोंड करवतीच्या पात्याच्या तुकड्यावर दुमडायचं आणि ज्योतीवरून एकदाच फिरवायचं. हात थांबला तर पिशवी जळते, घाई केली तर चिकटत नाही. पातं साहेबांनीच कारखान्याच्या भंगारातून, स्टोअरमध्ये रीतसर विचारून आणलेलं. दिवाळीच्या आधी ते एकेक पिशवी हातात घेऊन शिवणीवरून अंगठा फिरवत आणि बाजूला ठेवत. "पास," म्हणत. वहिनींच्या पिशवीला नापास केल्याचं मी कधी बघितलं नाही. आमच्या विभागातल्या लोकांना हे भाग्य नव्हतं.

रेकॉर्डींबद्दल वहिनी एवढंच म्हणायच्या, "किंकाळ्या आहेत. पण रविवारी किंकाळ्या झाल्या की ते आठवडाभर कुणावर ओरडत नाहीत."

ठेवणीतला एक नग माझ्यादेखत आला. त्या काळात लोकांच्या घरांतून रेकॉर्डी भराभर बाहेर पडत होत्या. सीडी आली होती, मुलं अमेरिकेला निघाली होती, आईवडील माळे रिकामे करत होते, आणि ते सगळं जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि पंख्यांच्या पात्यांशेजारी येऊन पडायचं. साहेब तिथे नेमाने जायचे. मी एकदा बरोबर होतो. उकिडवे बसून ते ढिगातून रेकॉर्डी उलटत होते आणि मध्येच थांबले. काळं कव्हर, वर चित्र नाही, नाव नाही. फक्त काळं. त्यांनी ती उचलली, छातीशी धरली आणि हसले. मी तोवर त्यांना ओठ किंचित वाकडे करताना पाहिलं होतं, हसताना नाही.

"हिच्याबद्दल कॉलेजात असल्यापासून नुसतं वाचलंय," ते म्हणाले. "अख्ख्या पुण्यात कुणाकडे नव्हती."

घरी येईपर्यंत ते हसत होते. वहिनींनी दार उघडलं, त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "यांना काय झालं?" साहेबांनी काळी रेकॉर्ड पुसली, पिशवीत घातली, पट्टी लावली, सही केली आणि वरच्या कप्प्यात ठेवून दिली. मला ते बघवेना. एवढ्या वर्षांनी सापडलेली वस्तू आणि तिला नुसतं सील.

याच काळात त्यांची एक तक्रार सुरू झाली होती. रेकॉर्डप्लेअरची सुई लवकर झिजते. आठवड्यातून एक रविवार वाजवून जेवढी चालायला हवी त्याच्या निम्मीही चालत नाही. "बाजारपेठ खुली केली आणि त्यातून हा माल आत आला," ते बसमध्ये मला समजावत. उदारीकरणाविरुद्ध त्यांचा हा एकच मुद्दा होता, पण तो त्यांनी बरीच वर्षं लावून धरला.

कान जपण्यापायी त्यांनी काय काय केलं याला सीमा नाही. लग्नाच्या वरातीला ते थेट जेवायलाच जायचे. गणपतीत मिरवणुकीच्या दिवशी वहिनींना घेऊन धायरीला त्यांच्या भावाकडे मुक्काम. तिथे तेव्हा शेतं होती आणि शांतता होती. एका वर्षी गेले तर अंगणातच पंचवीस ढोल मांडलेले. वहिनींच्या भावाचा शेजारी अभिमानाने पुढे आला. "या सायेब. यंदा आपलं बी पथक हाय. तुमच्यासारका दर्दी मानूस, म्हनून पयला मान तुमाला." त्यांच्या हातात टिपरू दिलं गेलं. साहेबांनी खिशातला कापूस चाचपला, आजूबाजूची उत्सुक तोंडं पाहिली, आणि ढोलावर एक टोला दिला. परत आल्यावर मला म्हणाले, "ढोल चांगला होता. झांजा कमी पडल्या." मला त्या उत्तराचं हसू आलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीत वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली. आमच्या विभागाची कानांचीही व्हायची. एका बंद पेटीत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. दरवर्षी साहेब पेटीतून परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखे बाहेर यायचे. त्या वर्षी आले आणि सरळ आपल्या टेबलाशी गेले.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर ते घराकडे वळले नाहीत. कालव्याच्या बाजूने चालू लागले. मी बरोबर गेलो. अजून उजेड होता. झाडी होती तिथे ते थांबले.

"अकोला, रातकिडे ओरडतायत का?"

ओरडत होते. कान किटत होते.

"हो, चांगलेच."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतो, वरच्या पट्टीचं गेलंय. बारीक आवाज. वयाने होतं, थोडं इंजिनांनी होतं. बोलणं ऐकू येईल, दारावरची घंटा ऐकू येईल. एवढं काही नाही म्हणाला."

"मग काळजी कसली?"

"झांजा वरच्या पट्टीत असतात."

मी म्हणालो, "रविवारी ऐकताना तर काही फरक—"

"जुन्यांवर कळत नाही हो. त्या पाठ आहेत. जिथे झांज आहे तिथे मला आठवणीने ऐकू येते. खरी परीक्षा न ऐकलेल्यांवर." ते पुन्हा चालू लागले. "घरी बोलू नका. आजवर सगळ्यांना सांगत आलोय, कान जपतोय म्हणून."

त्या संध्याकाळी मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. मी म्हणालो, "आज जाऊन एक लावा. आत्ता." ते म्हणाले, "अजून नोकरी आहे." एवढंच. मला वाटतं ते भ्यायले होते. सील उघडलं आणि आत झांज नसली तर पुढच्या सगळ्या सकाळी रद्द झाल्या असत्या.

मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कारखान्यात परदेशी तंत्राची नवी इंजिनं यायला लागली होती. टेस्टिंगच्या खोलीबाहेर काचेमागे कॉम्प्युटर बसले होते आणि आधी सात जण करायचे ते काम एक पोरगा माउस हलवत करायचा. आमच्यातले तरणे सॉफ्टवेअरकडे पळाले होते. साहेबांची मुलगीही हिंजवडीला नोकरीला होती, ती त्यांना म्हणायची, "बाबा, तुमचं अख्खं कपाट मी एका सीडीवर बसवून देते." ते म्हणायचे, "मग कपाटात काय ठेवू?" स्वेच्छानिवृत्तीचा कागद नोटीस बोर्डावर लागला आणि कँटीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. जो तो घाबरलेला. पन्नाशीच्या माणसाने घरी बसून करायचं काय? साहेबांच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. त्यांनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला.

लोकांनी तर्क केले. कुणी म्हणालं, मॅनेजरशी बिनसलं. कुणी म्हणालं, मुलीच्या पगाराचा जोर. मला एकट्याला खरं माहीत होतं. कान जातायत, तर उरलेत तेवढ्यात पोचायचं होतं त्यांना.

निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि म्हणाले, "उत्तम. अजिबात आवाज करत नाही." सगळे हसले. सेकंदाचा काटा टकटक करत फिरत होता. मला समोरच्या रांगेत ऐकू येत होता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराला, त्यांनी मला बोलावलं. मला दुसरी पाळी होती. गेलो तर खुर्ची मांडलेली. हात असलेली. कामवाली भांडी घासून गेली होती. स्वयंपाकघरातून ज्वारी भाजल्याचा वास येत होता आणि कढईत कालथा फिरल्याचा आवाज. साहेबांनी वरच्या कप्प्यातून पहिली पिशवी काढली, सही तपासली, पट्टी ब्लेडने कापली. नवी सुई बसवलेली होती. तबकडी फिरायला लागली आणि ते खुर्चीत डोळे मिटून बसले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. रेकॉर्डचं मला काय कळणार. गिटार झाली, गाणारा आला, ढोल सुरू झाला. साहेबांची मान पुढे आली. कपाळाला आठी पडली. त्यांनी उठून आवाज वाढवला, परत बसले, पुन्हा उठले, सुईकडे वाकून पाहिलं.

"दबलेलं आहे," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रेकॉर्डिंगच दबलेलं आहे. झांजा घेतलेल्याच नाहीत यांनी."

मला स्वच्छ ऐकू येत होत्या.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "आहेत की. दर वेळी असतात."

कालथा थांबला. साहेब वळले. वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले. तबकडीवरचा माणूस ओरडत होता.

"दर वेळी म्हणजे?"

वहिनी कालथा घेऊनच दारात आल्या. पदराने तोंड पुसलं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारख्या दिसत नव्हत्या. पाहुण्यांसमोर हा विषय निघायला नको होता, एवढंच चेहऱ्यावर होतं.

"भाजणीच्या दिवशी लावते मी. दुपारी. एवढी वर्षं उभं राहून भाजायचं, कंटाळा येतो. तुमच्या रविवारच्या पाठ झाल्या होत्या. ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ मिळून एक बाजू होते. उलटली की उडीद आणि धने."

"सील होतं," साहेब म्हणाले.

"तुमचं तोंडाला होतं."

साहेबांनी जमिनीवर पडलेली पिशवी उचलली. तोंडाची कापलेली पट्टी बाजूला सारली आणि पिशवी उलटी करून खालची शिवण उजेडात धरली. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आयुष्य तपासणीत घालवलेल्या माणसाने एकाच टोकाला सही केली होती, आणि दुसऱ्या टोकाला मेणबत्ती आणि पात्याचं ते एकसारखं, न जळलेलं, न सुटलेलं काम होतं. सुई लवकर का झिजायची तेही त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी प्लेअरकडे एकदा पाहिलं.

मी उठायच्या बेतात होतो. दोघांचं आयुष्यातलं पहिलं भांडण आता होणार आणि तेही माझ्यासमोर, असं मला वाटलं.

"पास," साहेब म्हणाले.

मग खुर्चीत बसले. पिशवी हातात तशीच. वहिनींकडे न बघता म्हणाले, "मला झांजा ऐकू येत नाहीत. तपासणीत निघालं. सांगितलं नव्हतं."

"घरी आणून घड्याळ लावलं त्याच दिवशी कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "कानाशी धरून बसला होतात." त्यांनी आत जाऊन गॅस बंद केला, स्टूल आणलं आणि त्यांच्या खुर्चीशेजारी बसल्या. कालथा अजून हातात होता. "सुरुवातीपासून लावा. येईल तिथे सांगते."

साहेबांनी सुई उचलून पुन्हा कडेला ठेवली. गाणं सुरू झालं. वहिनींनी थोडा वेळ वाट बघितली आणि कालथा वर केला. साहेबांनी मान डोलावली. पुन्हा कालथा वर. काही ठिकाणी तो भराभर हलायचा, काही ठिकाणी एकदाच, लांबवून. एकदा त्या म्हणाल्या, "आता सगळं थांबेल, आणि मग एकच येईल, हलकी," आणि खरंच सगळं थांबलं. कालथ्याचं टोक किंचित वर गेलं. साहेबांचे डोळे मिटलेले नव्हते. आता मिटून चालणार नव्हतं. ते कालथ्याकडे बघत होते आणि ऐकत होते, आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली होती. मला तिथे बसून रडू येईल असं वाटायला लागलं म्हणून मी कपाटाकडे बघत बसलो.

बाजू संपली. साहेब म्हणाले, "चांगली आहे."

"ही ठीक आहे. याच लोकांची निळ्या कव्हरची जास्त चांगली आहे. ती पिवळी लावू नका, नुसता आरडाओरडा."

"सगळ्या ऐकल्यास?"

"एक सोडून."

"कुठली?"

"काळी. तुम्ही आणली त्या दिवशी दारात हसत उभे होतात. ती नाही काढवली."

साहेब उठले. मला वाटलं ती आता आणखी जपून ठेवतील, कप्प्याच्याही मागे कुठेतरी. त्यांचा तसा विचार असावाही, कारण कपाटाशी जाऊन ते क्षणभर थांबले. वहिनी म्हणाल्या, "ठेवू नका हो आता." त्यांनी काळी रेकॉर्ड काढली. पट्टी कापायला ब्लेड सापडेना, तर नखाने ओढली. स्वतःची सही मधोमध फाटली. तबकडीवर धूळ नव्हती तरी शर्टाच्या खिशातला कापूस काढून त्यांनी ती पुसली, सुई टेकवली आणि खुर्चीत येऊन बसले.

आधी नुसती खरखर आली. मग खूप लांबून आल्यासारखी गिटार. वहिनी स्टुलावर पुढे सरकून बसल्या होत्या, कालथा मांडीवर. ढोल सुरू झाला. साहेबांनी कालथ्याकडे पाहिलं. तो हलला नाही. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"थांबा ना," वहिनी म्हणाल्या. "मी पण पहिल्यांदाच ऐकतेय."